जवळीक आणि समता : कॉफी हाऊसमधल्या रॉक संगीताविषयी

छोट्या जागेत, मोजक्या माणसांसमोर झालेले गाणे हेच खरे गाणे, असे मानणारा रसिकवर्ग आपल्याकडे जुना आहे. मैफलीची ऊब, कलावंत आणि श्रोता यांच्यातले गळून पडलेले अंतर, नजरेला भिडलेली नजर, असे शब्द त्याच्या लेखनात पुन्हा पुन्हा भेटतात. पूर्वी हे शब्द दिवाणखान्यातल्या गायनासाठी राखून ठेवलेले होते. आता तेच शब्द पुण्यामुंबईच्या कॅफेंत वाजणाऱ्या लहान रॉक बँडविषयी वापरले जाऊ लागले आहेत. तीस-चाळीस खुर्च्या, एका कोपऱ्यात गिटार, बास आणि ड्रम, श्रोत्याच्या हातात कॉफीचा कप आणि हाताच्या अंतरावर वाजवणारी पोरे. आपल्या वस्त्यांतून आलेली, महाविद्यालयांत शिकणारी मुलेही आता तिथे जातात. काही तिथे वाजवतातही. तेव्हा हा पांढरपेशांचा छंद आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, असे म्हणून पाठ फिरवण्यात अर्थ नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की ही जी 'जवळीक' सौंदर्यमूल्य म्हणून आपल्यापुढे मांडली जाते, ती तपासून घेतली पाहिजे. शोषण लांबूनच होते असे नाही. आपल्या समाजाचा अनुभव सांगतो की ते अगदी जवळूनही होते. म्हणून अशा लहान खोलीत शिरताना तीन प्रश्न विचारावेत. इथे बसायला कोणाला मिळते? जमलेला पैसा कोणाकडे जातो? आणि गाण्यावर नाव कोणाचे लागते? हे प्रश्न मी हवेत विचारत नाही. कॉफी हाऊसमधल्या संगीताची ज्या गल्लीतून सर्वाधिक कौतुके सांगितली जातात, त्या न्यूयॉर्कच्या मॅकडूगल स्ट्रीटवरच ते विचारून पाहू.

१

ग्रीनिच व्हिलेज हा न्यूयॉर्कचा भाग साठच्या दशकात कॉफी हाऊसांनी भरलेला होता. मॅकडूगल स्ट्रीटवर 'कॅफे व्हा?' नावाची तळघरातली जागा मॅनी रॉथ यांनी १९५९ मध्ये सुरू केली. तिथे दारू मिळत नसे. कॉफी, शेक, खाण्याचे किरकोळ पदार्थ मिळत. दारू नसल्यामुळे अल्पवयीन मुलांनाही आत येता येई. त्या भागातल्या अनेक कॉफी हाऊसांत गायकाला पगार नसे. गाणे संपले की श्रोत्यांतून टोपली फिरवली जाई आणि तीत पडेल ती त्याची कमाई. या जागांना म्हणूनच 'टोपलीघरे' म्हणत.

१९६६ च्या उन्हाळ्यात या तळघरात एक चार-पाच जणांचा लहान बँड वाजवत होता. त्याचे नाव 'जिमी जेम्स अँड द ब्लू फ्लेम्स'. त्यातला एक गिटारवादक अवघा पंधरा वर्षांचा होता. म्होरक्या तेवीस वर्षांचा, सिॲटलचा, गरीब घरातला काळा तरुण. उजव्या हाताची गिटार उलटी धरून डाव्या हाताने वाजवणारा. जेम्स मार्शल हेंड्रिक्स हे त्याचे नाव. पुढे जग त्याला जिमी हेंड्रिक्स म्हणून ओळखू लागले.

तो आकाशातून पडलेला नव्हता. १९६२ मध्ये लष्करातून सुटल्यावर तीन-चार वर्षे तो 'चिटलिन सर्किट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फिरत्या कार्यक्रमांत मोठ्या गायकांच्या मागे उभा राहून वाजवत होता. चिटलिन म्हणजे डुकराची आतडी. मालकाने मांस खावे आणि गुलामाने आतडी शिजवावीत, या इतिहासातून आलेले ते अन्न. आपल्या वजडीचे ते सख्खे भावंड आहे. काळ्यांसाठी काळ्यांनी वाजवायच्या नाट्यगृहांच्या आणि क्लबांच्या साखळीला त्या अन्नाचे नाव पडले होते. गिटार डोक्यामागे नेऊन वाजवणे, दातांनी तारा छेडणे, ज्या गोष्टींनी पुढे गोऱ्या प्रेक्षकांचे डोळे विस्फारले, त्या याच परंपरेत आधीपासून होत्या. टी-बोन वॉकर हा ब्लूजवादक त्या कितीतरी आधी करत होता. मात्र मागे उभ्या असलेल्या वादकाने मागेच राहायचे, हा तिथला नियम. गायकापेक्षा झगमगीत सदरा घातला म्हणून आपल्याला दंड भरावा लागला, अशी आठवण हेंड्रिक्सने पुढे सांगितली आहे.

व्हिलेजच्या तळघराने त्याला पुढे उभे राहू दिले. तिथे तो स्वतःच्या नावाने वाजवू शकला, स्वतःच्या गळ्याने गाऊ शकला, ध्वनिवर्धकाची किंकाळी हाही संगीताचा भाग आहे असे सिद्ध करू शकला. लहान खोलीचे हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मोठ्या नाट्यगृहात तिकिटे खपली नाहीत तर मालक बुडतो, म्हणून तो ओळखीचेच मागतो. तळघरात बुडण्यासारखे फारसे नसते, म्हणून नव्याला वाट मिळते. परंतु या स्वातंत्र्यालाही मालकाची मर्जी असतेच. १९६५ च्या डिसेंबरात त्याच परिसरातल्या 'कॅफे बिझार'मध्ये 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' हा बँड वाजवत होता. त्यांचे एक कर्कश गाणे पुन्हा वाजवू नका, असे त्यांना बजावले गेले. त्यांनी ते लगेच पुन्हा वाजवले आणि त्यांची तिथली नोकरी गेली. ऊब असलेल्या खोलीची किल्लीही कोणाच्या तरी खिशात असते.

२

आता पहिला प्रश्न. बसायला कोणाला मिळते?

कॉफीचा कप हातात घेऊन गाणे ऐकणे ही साधी गोष्ट वाटते. अमेरिकेच्या दक्षिणेत ती साधी नव्हती. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावी काळ्यांच्या महाविद्यालयातले चार विद्यार्थी वूलवर्थ या दुकानात गेले. दुकानाच्या एका भागात त्यांनी वस्तू विकत घेतल्या. त्यांचे पैसे दुकानाला चालले. मग ते खाण्याच्या काउंटरवर बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. ती मिळाली नाही. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, नंतर शेकडो आले, आणि हे बसणे दक्षिणेतल्या गावागावांत पसरले. २५ जुलै १९६० ला ग्रीन्सबरोचा तो काउंटर काळ्यांसाठी खुला झाला. तिथे बसून खाण्याचा पहिला मान मिळाला तो त्याच दुकानात काम करणाऱ्या काळ्या कर्मचाऱ्यांना. जिथे ते रोज राबत, तिथे बसण्याची त्यांना तोवर बंदी होती.

महाडच्या तळ्याचे पाणी ज्यांनी १९२७ मध्ये ओंजळीत घेतले, त्यांच्या वारसांना ग्रीन्सबरोचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तिथे प्रश्न तहानेचा नव्हता, इथे कॉफीच्या तलफेचा नव्हता. आणि चहाच्या हॉटेलात बाहेर वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप ज्यांच्या बापांनी स्वतः विसळून पुन्हा पालथा घातला, त्यांना हेही ठाऊक आहे की दुकान पैशाला विटाळ मानत नाही, माणसाला मानते.

न्यूयॉर्कमध्ये असा कायदा नव्हता. व्हिलेजच्या कॉफी हाऊसांत काळे-गोरे एकत्र बसत, ही त्या काळाच्या मानाने मोठीच गोष्ट. तरी त्या शहरात संगीतकारांवर दुसरा पहारा होता. १९४० पासून १९६७ पर्यंत दारू विकणाऱ्या क्लबांत काम करायचे तर पोलिसांकडून एक कार्ड घ्यावे लागे, आणि त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागत. बिली हॉलिडे या थोर गायिकेचे कार्ड १९४७ मध्ये गेले. थेलोनियस मंक या पियानोवादकाचे १९५१ मध्ये गेले आणि सहा वर्षे त्याला स्वतःच्या शहरातल्या क्लबांत वाजवता आले नाही. ज्या जमातींच्या बोटांचे ठसे इंग्रज सरकारने गुन्हेगार म्हणून घेऊन ठेवले आणि ज्यांतल्या कित्येक वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या, खेळ करणाऱ्या होत्या, त्यांना ही हकीकत परकी वाटणार नाही.

खुर्ची मिळाली तरी कोणाला मिळाली, हा प्रश्न उरतोच. हार्लेम आणि व्हिलेज एकाच बेटावर आहेत. पण व्हिलेजमधल्या तळघरातले श्रोते मुख्यतः गोरे तरुण होते. हेंड्रिक्सने स्वतःच्या माणसांसमोर वाजवण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. ५ सप्टेंबर १९६९ रोजी हार्लेममध्ये भर रस्त्यावर त्याने विनामूल्य कार्यक्रम केला, तेव्हा जमावातून त्याच्यावर वस्तू फेकल्या गेल्या आणि बरेच लोक निघून गेले. आपल्याच मातीतून निघालेले गाणे दुसऱ्याच्या खोलीत वाढले की ते आपल्या माणसांना अनोळखी होते. याचा दोष ना त्या कलावंताचा, ना त्या लोकांचा. ज्या व्यवस्थेने खोल्या वाटल्या तिचा तो दोष आहे.

३

दुसरा प्रश्न पैशाचा.

टोपलीची गोष्ट रसिकांना मोठी काव्यात्म वाटते. श्रोत्याने खुशीने द्यावे, कलावंताने समाधानाने घ्यावे. आपल्याकडे या खुशीला 'दौलतजादा' म्हणतात. फडावरच्या बाईने ती कशी घेतली, घेताना तिला काय ऐकावे लागले आणि त्यातले तिच्या हातात किती उरले, हे तिलाच विचारावे. जो देतो तो आपल्या मर्जीने देतो, आणि ज्याचे पोट मर्जीवर चालते त्याला ठरलेली मजुरी मागता येत नाही.

टोपलीमागे कागद असतो, आणि तो टोपलीपेक्षा घातक असतो. ऑक्टोबर १९६५ मध्ये, म्हणजे 'कॅफे व्हा?'मध्ये येण्याच्या काही महिने आधी, हेंड्रिक्सने एका निर्मात्याबरोबर तीन वर्षांचा करार केला. त्याला मिळाले रोख एक डॉलर आणि विक्रीवर एक टक्का. भुकेला वादक कागद वाचत नाही, सही करतो. तो जगप्रसिद्ध झाल्यावर हा कागद बाहेर आला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि तडजोडीचा भाग म्हणून त्याला एक संपूर्ण अल्बम तयार करून द्यावा लागला. 'बँड ऑफ जिप्सीज' हा तो १९७० चा अल्बम. यात त्याचे दोन्ही साथीदार काळे होते, आणि व्हिएतनामचे युद्ध व अमेरिकेतल्या शहरांतला हिंसाचार यांना एका धाग्यात गुंफणारे त्याचे सर्वांत गंभीर वादन यातच आहे. एका डॉलरच्या सहीची परतफेड त्याने अशी केली. कोऱ्या कागदावर अंगठा उमटवून ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या नातवंडांनी ही गोष्ट संगीताच्या इतिहासातली गंमत म्हणून वाचू नये.

४

तिसरा प्रश्न नावाचा आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत मोठा आहे.

रॉक संगीत काळ्यांच्या ब्लूज, गॉस्पेल आणि ऱ्हिदम अँड ब्लूजमधून आले, हे आता सारेच मान्य करतात. पण मान्यता देणे वेगळे आणि नाव देणे वेगळे. चक बेरी या काळ्या गिटारवादकाचे 'मेबेलीन' हे गाणे १९५५ मध्ये निघाले, तेव्हा त्याच्या कर्त्यांत ॲलन फ्रीड या गोऱ्या रेडिओ निवेदकाचेही नाव छापून आले. गाणे रेडिओवर वाजवण्याची ती किंमत होती. ते नाव निघायला १९८६ साल उजाडले. चर्चमध्ये आणि क्लबांत विजेची गिटार घेऊन गाणारी सिस्टर रोझेटा थार्प रॉकच्या जन्माआधीपासून ते संगीत वाजवत होती. रॉकच्या अधिकृत सन्मानगृहात तिला जागा मिळाली २०१८ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी.

हेंड्रिक्सच्या बाबतीत ही नावाची चोरी अधिक सभ्य रूप घेते. तिचे नाव 'शोध'. 'कॅफे व्हा?'मध्ये चॅस चँडलर या इंग्रज संगीतकाराने हेंड्रिक्सला शोधून काढले, असे सर्वत्र लिहिलेले असते. चँडलर ज्या 'ॲनिमल्स' या बँडचा बासवादक होता, तो बँडच मुळात अमेरिकन काळ्यांच्या ब्लूजवर वाढलेला. चँडलरने त्याला २४ सप्टेंबर १९६६ रोजी लंडनला नेले आणि पुढचा इतिहास घडला, हे खरे आहे. पण चँडलरला त्या तळघरात आणणारी लिंडा कीथ ही तरुणी होती. तिने हेंड्रिक्सला आधीच दुसऱ्या क्लबात ऐकले होते. आणि त्याच्याही आधी, व्हिलेजमध्ये जा, त्या कॅफेत तुला वाजवायला मिळेल, असे सांगणारा रिची हेव्हन्स हा काळा गायकच होता. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवाची सुरुवात ज्याच्या गाण्याने झाली तो हा हेव्हन्स. एका काळ्या कलावंताने दुसऱ्याला दार दाखवले. ते इतिहासात तळटीप झाले. गोऱ्याने ऐकले, तो शोध झाला. दलित साहित्याचा 'शोध' आपणच लावला, असे सांगणारे संपादक आपण पाहिलेले आहेत.

आणि शोध लागल्यावर काय झाले? लंडनच्या वृत्तपत्रांनी त्याला 'बोर्निओचा रानटी माणूस' म्हटले. जवळून पाहणाऱ्यांनाही माणूस दिसला नाही, तमाशा दिसला. त्याच १९६६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, ओकलंडमध्ये, ब्लॅक पँथर पक्ष स्थापन होत होता. त्याचे नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ते नाव आपण घेतले तेव्हा कोठून घेतले हे सांगून घेतले. उसने घेण्याची हीच सभ्य रीत आहे.

५

मग लहान खोलीतल्या संगीताला काही मूल्यच नाही काय? आहे, आणि रसिक सांगतात त्याहून ते वेगळे आहे. लहान खोलीत श्रम दिसतात. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका कॅफेत मी असा कार्यक्रम ऐकला. चार जणांचा बँड होता. ध्वनिफितीवर जो आवाज गुळगुळीत येतो, तो इथे बोटांच्या घट्ट्यांतून, घामातून, चुकून सुटलेल्या आणि पुन्हा पकडलेल्या तालातून येत होता. रॉक हे मुळात हातांचे संगीत आहे, हे मला तिथे पटले. ते ज्याला दिसले, त्याला वादक हा मजूर आहे हेही दिसले पाहिजे.

पण तीन प्रश्न तिथेही होतेच. टेबले पुसणारा मुलगा भटारखान्याच्या दारात उभा राहून ट्रेवर अचूक ठेका धरत होता. व्यवस्थापकाने त्याला आत हाकलले. त्या खोलीत तालाची जाण असलेला तो एक श्रोता होता आणि त्यालाच बसायला खुर्ची नव्हती. प्रवेशाच्या तीनशे रुपयांतले वादकांना प्रत्येकी काय मिळाले, हे मी त्यांना विचारले. ते हसले आणि रात्रीच्या जेवणाचा उल्लेख केला. आणि एका गाण्यात ड्रमवर सरळ हलगीचा तोडा वाजला. वाजवणाऱ्या मुलाच्या मनगटात तो घरातून आलेला होता, हे त्याच्याशी बोलल्यावर कळले. गायकाने मात्र तो 'लोकतालाचा प्रयोग' म्हणून सांगितला. तो लोक कोण, गावात ते कातडे कोणी तापवले, कोणाच्या दारात उभे राहून वाजवले, याचा उच्चार झाला नाही. टाळ्या मात्र जोरात पडल्या.

६

आपल्या परंपरेत लहान खोलीची दोन रूपे आहेत, आणि त्यांतला फरक समजून घेतला तर पुढची वाट दिसते.

एक रूप बैठकीच्या लावणीचे. मोजके शौकीन, समोर बसून अदा करणारी स्त्री, हाताच्या अंतरावरची जवळीक. रसिकांच्या दृष्टीने कलेचा हा कळस. पण त्या स्त्रीची जात ठरलेली, देणाऱ्याचीही ठरलेली, आणि जवळीक जितकी जास्त तितकी तिची सुटका कमी. पठ्ठे बापूराव हे ब्राह्मण शाहीर आणि पवळा ही महार स्त्री यांच्या फडाचे वैभव सर्वांना ठाऊक आहे. बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या खेळांचे पैसे देऊ केले तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले. लढ्याला पैसा हवा होता, तरीही नाकारले. आपल्या स्त्रियांच्या देहावर जमलेला पैसा मुक्तीच्या कामाला चालत नाही, हा तो निर्णय. कलेच्या समीक्षेत इतका स्पष्ट मूल्यनिर्णय मराठीत फार थोड्यांनी दिला आहे.

दुसरे रूप आंबेडकरी जलशाचे. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि पुढे वामनदादांसारख्या गायकांनी, हे गाणे चाळीत, वस्तीत, गॅसबत्तीच्या उजेडात नेले. तिथेही जागा लहान होती आणि अंतर हाताएवढेच होते. पण तिथे ऐकणारा आणि गाणारा एकाच पाणवठ्यावर अडवलेले होते. बसायला जमीन सर्वांना सारखी होती. पैसा वर्गणीचा होता आणि तो कुठे जातो हे सर्वांना माहीत होते. गाण्याच्या शेवटी कवी आपले नाव गुंफत असे. तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिथे आधीच दिलेली होती. जवळीक समतेची झाली ती या अटींवर.

आज काही तरुण हा धागा पुन्हा हातात घेत आहेत. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या बँडने पहिला कार्यक्रम केला. वस्तीतले गाना गायन, रॅप, रॉक आणि परई हे वाद्य त्यांनी एका रंगमंचावर आणले, आणि परई कोणाची हे न लपवता आणले. त्यांच्यातलाच कवी-गायक अरिवू याचे गाणे देशभर गाजले, तेव्हा २०२१ मध्ये एका संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर इतर दिसले, तो दिसला नाही. आरडाओरडा झाल्यावर दिसला. म्हणजे नावाचा प्रश्न १९५५ मध्ये संपलेला नव्हता आणि आताही संपलेला नाही.

म्हणून आपल्या विद्यार्थ्यांना मी कॅफेत जाऊ नका असे सांगणार नाही. जावे, ऐकावे, गिटार आणि ड्रम शिकावेत. वाद्याला जात चिकटवणारे आपण नव्हे. वाजवायला बसण्याआधी मात्र पैसे किती ते ठरवावे, सही करण्याआधी कागद दुसऱ्याला दाखवावा, आणि तोडा वाजवला की तो कोणाचा ते माइकवर सांगावे. आपली वसतिगृहे, वाचनालये, विहारांची सभागृहे संध्याकाळी रिकामी असतात. तिथे तीस माणसे बसतात, कॅफेत बसतात तितकीच. तिथे असे कार्यक्रम झाले पाहिजेत, चहा करणाऱ्यालाही बसायला जागा ठेवून. आणि आपल्या नियतकालिकांनी कवितासंग्रहांच्या परीक्षणाशेजारी या कार्यक्रमांचे परीक्षणही छापले पाहिजे, म्हणजे नावाची नोंद दुसऱ्याने करण्याआधी ती आपल्याकडे झालेली असेल.